हँडलरकाका

आमच्या ऑफिसातल्या काकांना चुका टाळण्यात रस नाही. त्यांना चुका झेलायच्या असतात. भागाकाराआधी छेद शून्य आहे का हे बघणं त्यांना भित्रेपणाचं वाटतं. "पडू दे की! खाली मी उभा आहे," म्हणतात आणि सिगएफपीईला हँडलर लावून मोकळे होतात.

या सिग्नलची गंमतच आहे. नाव फ्लोटिंग पॉइंटचं. पण दशांशी संख्येला शून्याने भागलं तर हा सहसा फिरकतही नाही, 'इन्फिनिटी' हाती पडते आणि गाडी पुढे जाते. धावून येतो तो पूर्णांकांच्या भांडणात. पत्रिका एकाच्या नावची, जेवायला दुसराच.

सरासरी काढायची होती आणि नोंदी निघाल्या शून्य. काकांच्या हँडलरात एकच ओळ: प्रिंटएफ, 'काळजी नको, सांभाळलंय!' ओळ उमटली. पुन्हा उमटली. मग स्क्रीनभर तीच. पंखा घरघरायला लागला. हँडलर संपला की प्रोसेसर त्याच भागाकारावर परत येतो, आणि छेद बिचारा अजून शून्यच! काका शांतपणे म्हणाले, "बघ, एकदाही क्रॅश नाही."

हँडलरमधून परतायचं नसतं, सिगलाँगजंपने बाहेर उडी घ्यायची असते, असं मी दोनदा सांगितलं.

"उडी मारून पळणं आपल्या रक्तात नाही."

शेवटी नव्या आलेल्या मुलीने छेद तपासणारा एक इफ घातला. काका आठवडाभर तिच्याशी मोजकंच बोलले. आणि एक दिवस -२१४७४८३६४८ ला -१ ने भागायची वेळ आली. छेद शून्य नाही, इफ गप्प. पण उत्तर ३२ बिटांच्या इंटमध्ये अवघ्या एकाने मावेना. सिग्नल आला! काकांनी अख्ख्या मजल्याला चहा पाजला, वर क्रीमरोल.

परवा ६४ बिटांची एआरएम यंत्रं आली. काकांनी हौसेने शून्याने भागलं. हा प्रोसेसर कुरकुरतच नाही, निमूटपणे शून्य उत्तर देतो. स्क्रीनवर ० आलं, खाली प्रॉम्प्ट लुकलुकायला लागला.

"काका, झालं की," मुलगी म्हणाली.

"थांब गं," काका चष्मा पुसत म्हणाले, "येईल."