मान वर करायचे दोन दिवस

मुंबईच्या इमारतींच्या उंचीचं कौतुक सगळे करतात, मुंबईकराच्या मानेचा विचार कोणी करत नाही. ही मान रोज दोनच कोनांत वळते: मोबाइलसाठी खाली आणि इंडिकेटरसाठी जरा वर. फोर्टातल्या कारागिरांनी मात्र जीव ओतला तो इंडिकेटरच्याही वरच्या भागात. व्हीटीचंच घ्या. (सीएसएमटी म्हणा, टॅक्सीवाल्याला दोन्ही कळतं.) फ्रेडरिक स्टीव्हन्सचं हे स्टेशन 1878 ते 1888 अशी दहा वर्षं बांधलं जात होतं. त्याच्या भिंतींवर मोर आहेत, माकडं आहेत, जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात लागलेली पानंफुलं आहेत. घुमटावर प्रगतीची देवी मशाल उंचावून उभी आहे. त्या आवारात घाई नसलेली बाई ती एकटीच. फाटकाच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. या स्टेशनात गर्दीच्या वेळी हमखास बसायला मिळालेले बहुधा हे दोघेच. सोमवारी सकाळी त्यांच्याकडे बघायला थांबलात, तर मागचा माणूस धक्का देऊन पुढे जाईल, आणि चूक त्याची नसेल. म्हणून म्हणतो, फोर्ट बघायचा तर शनिवार-रविवारी. त्या दोन दिवसांत फुटपाथवर मध्येच थांबणं हा गुन्हा धरत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो मेगाब्लॉकचा. रविवारी गाड्याच धड नसतात, जायचं कसं? जायचं ते उशिरा. गाडी वेळेवर असली की माणूस जिना शोधतो. नसली की छत बघतो. या स्टेशनाचं छत बघण्यासारखं आहे. दुसरा आक्षेप असा की रविवारी आत काहीच बघता येत नाही. इथे मात्र थोडी हार पत्करावी लागते. हायकोर्टात एका खांबावर डोळ्याला पट्टी बांधलेलं, हातात न्यायाचा तराजू धरलेलं माकड कोरलेलं आहे. खटला हरलेल्या एका कंत्राटदाराने न्यायमूर्तींवर काढलेला हा सूड, अशी दंतकथा आहे. ते आत असल्यामुळे कामाच्या दिवशीच भेटणार. पण कामाच्या दिवशी हायकोर्टात हौसेने जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: ही सगळी साहेबाची मिरासदारी, तिचं कौतुक आपण का करायचं? राजाबाई टॉवर बघा. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला. त्यात न्हालेल्या प्रेमचंद रायचंदांनी मनोऱ्यासाठी देणगी दिली आणि नाव दिलं आईचं. वर पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. साहेबाचा होता तो नकाशा. तोही काढला सर गिल्बर्ट स्कॉटने, आणि हे गृहस्थ मुंबईत कधी आलेच नाहीत. 1878 मध्ये पूर्ण झालेला हा 280 फुटी मनोरा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला नाही. वडापाव हातात धरून त्याखाली उभा राहणारा त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढेच. मग मिरासदारी नक्की कोणाची?

आणि साहेबाच्या पुढच्या पिढीलाही हा थाट पेलला नाही. स्टीव्हन्सच्या मुलाने, चार्ल्सने, 1933 मध्ये रीगल सिनेमा बांधला तो मोर-माकडांना रजा देऊन, गुळगुळीत. बाप-लेकांच्या या दोन तऱ्हा ओव्हल मैदानावर समोरासमोर दिसतात: पूर्वेला गॉथिक, पश्चिमेला आर्ट डेको. 2018 पासून हे दोन्ही मिळून जागतिक वारसा आहे. मधल्या मैदानात रविवारी सकाळी एकमेकांत घुसलेले क्रिकेटचे सामने चालतात. चेंडू उंच उडाला की खाली उभ्या क्षेत्ररक्षकाची नजर त्याच्यामागे वर जाते आणि थेट राजाबाईवर पोचते. कॅच सुटतो. दोष उन्हाला दिला जातो.