कूळ शोधायला गेली आणि...

अहो वहिनी, ती मेथी राहू द्या घटकाभर, इकडं कुंपणाशी या. हळू बोला. विहीणबाई आल्यात इंग्लंडातल्या विल्टशायरहून, खिडकी उघडी आहे. मराठी कळत नाही त्यांना, पण स्वतःच्या गावाचं नाव ऐकलं की कान टवकारतात.

लग्नात त्यांनी काय ऐकवलं होतं, आठवतं? ‘आमच्या पणजोबांचे आजोबा मोठे शेतकरी. साठ एकर, पदरी दोन गडी.’ आमचे हे लगेच मिरजेची जमीन सांगायला लागले, मी चिमटा काढला. तर आता बाळंतपणाच्या रजेत सूनबाईनं त्या आजोबांचे कागद काढायला घेतले. मी म्हटलं, बाई गं, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. ऐकते कसली!

साठ एकर खरे निघाले हो. 1851 च्या शिरगणतीत लिहिलंय: शेतकरी, 60 एकर, 2 मजूर, वय 39. त्या वर्षी शेतकऱ्यांनी एकर आणि मजूर सांगायचे, असाच नियम होता. मग ती दहा वर्षं मागं गेली, 1841 ला. तिथं वय 25! दहा वर्षांत माणूस चौदा वर्षांनी थोराड? तसं नाही. त्या शिरगणतीत पंधराच्या वरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचे, म्हणून 29 चे 25 झाले. (ही सवलत आपल्याला का नाही, देव जाणे.) आणि धंदा काय, तर ‘ॲग. लॅब.’ आमचे हे खूश: ‘बघ, लॅबमध्ये होता, शास्त्रज्ञ!’ कसला शास्त्रज्ञ, ॲग्रिकल्चरल लेबरर. शेतमजूर!

विहीणबाईंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. पण खरी गंमत पुढंच.

तिकडं जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 ला सुरू झाली. त्याच नोव्हेंबरात त्या आजोबांचं लग्न, आणि मार्चमध्ये मुलाचा बाप्तिस्मा. मोजा तुम्ही, माझं मोजून झालंय. लग्नाच्या दाखल्यावर दोघांच्या बापांची नावं आणि धंदे असतात. त्याचा बाप मजूर. तिचा बाप शेतकरी! आणि खाली नवऱ्यानं फुली मारलीय, बायकोनं मात्र स्वच्छ सही केलीय. 1841 ला तो राहत होता तोही सासऱ्याच्याच घरी.

हो, घरजावई! मीही अस्संच ओरडले.

बरं, सासऱ्याची तरी जमीन का? तिकडं शेतकरी चर्चला पिकाचा दहावा हिस्सा द्यायचे. 1836 च्या कायद्यानं त्याचे पैसे ठरले, आणि त्यासाठी गावोगावचे नकाशे आणि याद्या केल्या. शेताला नंबर, शेताचं नाव, मालक कोण, कसतो कोण, नांगरट की कुरण. आपला सातबाराच म्हणा ना. तिकडच्या चिपनमच्या दप्तरखान्यात सुनेनं ती यादी उघडली, तर मालकाच्या रकान्यात कुणी लॉर्डसाहेब, आणि कसणाऱ्याच्या रकान्यात सासरा. म्हणजे वहिनी, कूळ शोधायला गेली आणि निघालं कूळच! हा विनोद मी घरात केला, कुणी हसलं नाही. सुनेला समजावून सांगेपर्यंत त्यातला जीव गेला.

पुढं सासऱ्याचं मृत्युपत्रही सापडलं. 1858 च्या आधी ती चर्चच्या कोर्टात मंजूर व्हायची, म्हणून जपून राहिली. गाई, चीज दाबायचं यंत्र, दोन पलंग, सगळं मोजून लिहिलेलं. सगळं गेलं जावयाकडं. सही करणारी मुलगी घरात असताना! पण 1882 चा कायदा होईपर्यंत लग्न झालेल्या बाईच्या हातात फारसं काही उरायचंच नाही. म्हणून 1851 मध्ये शेतकरी कोण, तर फुलीवाला. आणि ती? ‘बायको’. पुढचा रकाना रिकामा. चीज कोण दाबत होतं मग? लॉर्डसाहेब?

आता सून त्या सही करणाऱ्या आजीच्या बाजूनं मागं निघालीय. आठव्या हेन्रीच्या काळात, 1538 ला, थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लिहायची. त्या वह्या जिथवर टिकल्यात तिथवर जायचं म्हणते. आमच्याकडं नंदीवर बसून हेळवी यायचा, शेरभर जोंधळ्यात सात पिढ्या सांगून जायचा. पण त्याच्या तोंडी बायकांची नावं मी तरी ऐकली नाहीत.

विहीणबाई? दोन दिवस गप्प होत्या. काल मात्र वंशावळ चौकट करून आणलीय, दिवाणखान्यात लावायला. आजोबांच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत ‘शेतकरी’, आणि ‘मजूर’ एवढ्या बारीक अक्षरांत की मला चष्मा लावावा लागला. आजीच्या नावाखाली त्यांनी त्या लग्नाच्या दाखल्यावरची सही चिकटवलीय.