ढग, वीज आणि कांदेपोहे

काळोख. दूरवर गडगडाट. ढग फाडून एक सोनेरी गोळा गरगरत पुढे येतो, पडद्याच्या मधोमध फुटतो, ठिणग्या उडतात आणि त्या ठिणग्यांतून धातूची अक्षरं एकेक करून ठाणकन जागेवर बसतात. संगीत टिपेला जाऊन थांबतं. मग एक बाई शांत आवाजात सांगतात की, नमस्कार, आज आपण कांदेपोहे करणार आहोत. यूट्यूबवर मराठीतून पाककृती, शेतीसल्ला, राशिभविष्य किंवा स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन शोधणाऱ्याला हे बारा-पंधरा सेकंदांचं प्रकरण नवं नाही. याला इंट्रो म्हणतात. इंट्रो असू नये असं मी म्हणत नाही. माझी तक्रार त्याच्या वेळेबद्दल आहे, आणि तीही दोन्ही अर्थांनी: तो फार लवकर येतो आणि आल्यावर फार वेळ बसतो. ओळख झाल्यानंतर मिरवण्याची ही वस्तू आपण ओळख करून घेण्यासाठी वापरतो, सगळा घोटाळा तिथे आहे.

आर. के. फिल्म्सचं बोधचिन्ह घ्या. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नायिका. हे आलं १९४९ च्या ‘बरसात’मधल्या राज कपूर आणि नर्गिसच्या दृश्यावरून. पण ‘बरसात’ हा त्या संस्थेचा पहिला चित्रपट नव्हे. आदल्याच वर्षी ‘आग’ येऊन गेला होता. म्हणजे आधी चित्रपट काढले, त्यातलं एक दृश्य लोकांच्या मनात बसलं, आणि मग त्याचं चिन्ह झालं. नेटफ्लिक्स ही कंपनी १९९७ साली सुरू झाली. कार्यक्रमाआधी वाजणारा तिचा तो जगप्रसिद्ध ‘टुडुम’ २०१५ मध्ये आला. अठरा वर्षं तिचा धंदा या ठोक्याविना चालला होता. आपल्याकडे चॅनल उघडायचं ठरलं की पहिल्या दिवशी इंट्रो तयार होतो, दुसऱ्या दिवशी भाच्याकडून त्यातल्या अक्षरांचा रंग बदलून घेतला जातो, आणि दाखवायचं काय हा किरकोळ प्रश्न पुढच्या आठवड्यावर जातो. सबस्क्राइबर चाळीस असतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक नात्यातले. मावशीला भाचीची ओळख वीज कडकडवून कशाला करून द्यायची?

बरं, ही ओळख तरी आपली असावी. कॅनव्हा किंवा फिल्मोरा उघडलं की इंट्रोचे शेकडो टेम्प्लेट समोर येतात. एक निवडायचा, नाव टाकायचं, डाउनलोड करायचं. सोय मोठी आहे, पण ती सगळ्यांनाच आहे. त्यामुळे तोच फुटणारा गोळा पोह्यांच्या आधी फुटतो, शेअर बाजाराच्या आधी फुटतो आणि सोयाबीनवरच्या खोडमाशीच्या आधीही फुटतो. दहा जणांच्या ओळखपत्रावर एकाच माणसाचा फोटो असावा, तसा हा प्रकार. संगीताची गोष्ट तर आणखी वेगळी. ते कुठून तरी उचललेलं असेल तर यूट्यूबची यंत्रणा ते बरोबर ओळखते. चॅनलला कुणी ओळखत नाही, पण त्याच्या चोरीच्या चालीला ओळखतात. शिवाय ते इतकं मोठ्याने वाजतं की बघणारा घाईघाईने आवाज कमी करतो, आणि पुढे बाई काय म्हणाल्या हे त्याला ऐकू येत नाही. मीठ किती, हे नेमकं तिथेच हुकतं.

आता लांबी. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. त्यात एक तरुण प्राणिसंग्रहालयात उभा राहून हत्तींच्या सोंडा लांब असतात एवढंच सांगतो. सगळा व्हिडिओ १९ सेकंदांचा. आजच्या पद्धतीचा इंट्रो त्याला लावला असता तर हत्ती दिसायच्या आत बघणारा निघून गेला असता. ज्यांच्याकडे पैसा आणि कलावंत दोन्ही होते त्यांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. इंटेलची ती पाच सुरांची खूण तीन सेकंदांची. ‘विंडोज ९५’ सुरू होतानाचा आवाज करण्याचं काम ब्रायन ईनो या नामवंत संगीतकाराकडे गेलं, तेव्हा मागणी सव्वातीन सेकंदांच्या तुकड्याची होती. ईनोने त्यासाठी ८४ तुकडे रचल्याचं स्वतः सांगितलं आहे. थोडक्यात आटोपण्यासाठीच खरी मेहनत लागते, पंधरा सेकंद तर टेम्प्लेटही भरून काढतो. आणि हिशेब करा: बारा सेकंदांचा इंट्रो असलेल्या चॅनलचा एक व्हिडिओ रोज पाहणारा निष्ठावान प्रेक्षक वर्षाकाठी ७३ मिनिटं तोच गोळा फुटताना पाहतो.

यावर परंपरेचा दाखला येणार हे ठाऊक आहे. नाटकाला नांदी नसते का? तमाशात आधी गण, मग गवळण, आणि वग त्यानंतरच ना? कीर्तनकारसुद्धा पूर्वरंगाशिवाय उत्तररंगात जात नाहीत. सगळं खरं. पण ही मंडळी जिवंत गर्दीपुढे उभी असत. लोक येत होते, सतरंजीवर जागा शोधत होते, पोरांना गप्प करत होते. त्यांना स्थिरस्थावर व्हायला वेळ हवा होता आणि तो वेळ देवाच्या नावाने सत्कारणी लागत होता. यूट्यूबचा प्रेक्षक एकटा असतो, आधीच बसलेला असतो आणि त्याचा अंगठा काचेवर तयार असतो. शिवाय नांदी झाल्यावर कित्येक संस्कृत नाटकांचा सूत्रधार पुढे येतो तो विस्तार पुरे झाला असं म्हणतच. पूर्वजांचा दाखला द्यायचा तर तोही घ्यावा.

दुसरा आक्षेप हळवा असतो. आकाशवाणीची सुरुवातीची धून आठवते का? ती कुणी कधी कंटाळवाणी म्हटली? नाही म्हटली, आणि म्हणणारही नाही. युरोपातून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने १९३६ च्या सुमारास रचलेली ती धून अप्रतिमच आहे. पण ती वाजत असे प्रक्षेपण सुरू होण्याच्या आधी, रेडिओ लावून वाट पाहणाऱ्यांसाठी, आणि दुसरीकडे जायला फारशी जागा नव्हती तेव्हा. ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी स्त्रीही अशीच भाग्यवान, तिच्यासमोर तिकीट काढलेले लोक होते. तिकीट काढलेला माणूस तुतारीमुळे उठून जात नाही. फुकट पाहणारा जातो. अगदी पैसे भरणाराही पुढे ढकलायला शिकला आहे: नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये मालिकांची नामावली टाळण्याचं बटण दिलं, आणि २०२२ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते दिवसाला १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं. तेही नामांकित कलावंतांनी खपून केलेल्या नामावलींवर. आपल्या गोळ्याची काय कथा!

राहता राहिला व्यवहारी आक्षेप, की मग लोक चॅनल ओळखणार कसं? जसं आत्ता ओळखतात तसंच. आवाजावरून, ओट्यामागच्या फरशीवरून, मिसळणाच्या डब्यावरून, “चला तर मग” म्हणण्याच्या लकबीवरून. यातलं काही डाउनलोड करता येत नाही, म्हणून ते टिकतं. पन्नास-शंभर व्हिडिओ झाल्यावर यातलं नेमकं काय लोकांच्या मनात बसलं ते प्रतिक्रियांत आपोआप दिसू लागतं. तेव्हा त्याचा तीन सेकंदांचा तुकडा करावा: मोहरी तडतडण्याचा आवाज, वर नाव, संपलं.

तोवर कृपा करून कढई तापवा. केलेला इंट्रो अगदीच टाकवत नसेल तर तो मागे न्या. शेवटच्या ५ ते २० सेकंदांत यूट्यूब एंड स्क्रीन लावू देतं, आणि तीही फुकट.