तोंडातून वाफ येत नाही

कॅनडात ऑटावापासून तासाभराच्या अंतरावर आल्मॉन्ट नावाचं एक टुमदार गाव आहे. मधून वाहणारी नदी, धबधबा, जुन्या लोकरीच्या गिरण्यांच्या दगडी इमारती. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ याच परिसरातला, त्यामुळे त्याचा पुतळाही तिथे आहे. पण हल्ली हे गाव ओळखलं जातं ते नाताळामुळे. तिथे नाताळ कुठल्याही महिन्यात येऊ शकतो. सिनेमावाल्यांचे ट्रक आले की दुकानांच्या पाट्या बदलतात, दारांवर हिरव्या डहाळ्यांची गोल तोरणं चढतात, पदपथाच्या कडेला पांढरं कापड अंथरलं जातं, आणि मफलर गुंडाळलेली दोन माणसं रिकाम्या कपातून गरम कोको पीत एकमेकांच्या प्रेमात पडतात.

नीट पाहिलं तर त्यांच्या तोंडातून वाफ येत नाही. चहूकडे बर्फ, अंगात जाड कोट, आणि श्वास मात्र मे महिन्यातला. एकदा हे ध्यानात आलं की नजर दुसरीकडे जातच नाही. मेकअपवाल्यानं टिपूनही राहिलेला कपाळावरचा घाम दिसायला लागतो. नायकाचं ‘काय थंडी आहे!’ हे वाक्य मग फारच धाडसाचं वाटतं.

कमी पैशात, ठरलेल्या साच्यात काढलेल्या या नाताळच्या प्रेमपटांचं माहेरघर म्हणजे अमेरिकेतलं हॉलमार्क चॅनेल. हॉलमार्क ही मूळची भेटकार्डांची कंपनी. जॉइस हॉल नावाचा (नाव बाईचं वाटतं, होता मुलगा) अठरा वर्षांचा पोरगा 1910 साली बुटांच्या दोन खोक्यांत चित्रपोस्टकार्डं भरून कॅन्सस सिटीत उतरला, तिथून ती उभी राहिली. टीव्हीशी तिचं नातं 1951 च्या नाताळच्या आदल्या रात्री जुळलं, आणि तेही चक्क ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ या खास टीव्हीसाठी रचलेल्या ऑपेरामुळे. आता ऑपेरा गेला, बेकरी आली. 2009 पासून चॅनेलवर ‘काउंटडाउन टु ख्रिसमस’ नावाचा हंगाम चालतो. ऑक्टोबर सरत आला की तो सुरू होतो, आणि भराच्या वर्षांत कंपनीच्या सगळ्या चॅनेलांवर मिळून नव्या चित्रपटांची संख्या 40 च्या आसपास जाते.

एका चित्रपटाचं चित्रीकरण साधारण दोन-तीन आठवड्यांत उरकतात. खर्च वीसेक लाख डॉलरच्या घरात, हॉलिवूडच्या मानानं चिल्लर. कॅनडातल्या करसवलती आणि स्वस्त डॉलर त्यासाठीच गाठलेले असतात. कथेचे नऊ तुकडे पाडतात, कारण मध्ये जाहिराती असतात. जाहिराती वगळल्या तर दोन तासांच्या कार्यक्रमात दीड तासाचाही चित्रपट उरत नाही. आता प्रत्येक तुकड्याच्या शेवटी प्रेक्षकाला खुर्चीत धरून ठेवायचं, पण कुणाला मारायचं नाही, लुटायचं नाही, शिवी द्यायची नाही. मग उत्कंठा आणणार कुठून? जिंजरब्रेडच्या स्पर्धेचं पीठ सांडतं. तेवढ्यावर एक जाहिरात निघते.

गोष्ट तुम्हाला सांगायला नकोच, तरी सांगतो. ती मोठ्या शहरात मार्केटिंगमध्ये असते. तिचा होणारा नवरा सतत फोनवर असतो. या चित्रपटांत फोनवर असणं हाच एकमेव दुर्गुण आहे. कुठल्याशा कारणानं ती लहानपणीच्या गावी येते. तिथे चौकड्यांच्या फ्लॅनेल शर्टातला एक पुरुष नाताळच्या झाडांची शेती करत असतो. त्याची बायको काही वर्षांपूर्वी वारलेली, मुलगी सात-आठ वर्षांची आणि वयाच्या मानानं फारच समजूतदार. दोघं जवळ येतात, चुंबन होणार तोच कुणीतरी दार उघडतं. मग एक गैरसमज, जो एका फोननं मिटला असता (पण फोन हा दुर्गुण, हे आधीच ठरलंय). शेवटी गावच्या झाडावर दिवे लागतात, बर्फ पडू लागतो आणि राहिलेलं चुंबन पुरं होतं.

‘सगळं आधीच कळतं’ हा या चित्रपटांवरचा नेहमीचा आरोप. मला तो फारसा पटत नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला सीता सापडणार की नाही याची धाकधूक नसते. तो बुवा आज कसं रंगवतात ते ऐकायला आलेला असतो. इथेही तेच. अडचण एवढीच की इथले बुवा दोन आठवड्यांत कीर्तन उरकतात.

माझ्या मावशीला या चित्रपटांचं वेड लागलं ते न्यू जर्सीत, एडिसनला, मुलीकडे गेली असताना. बाहेर खराखुरा हिवाळा होता. खरा बर्फ दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला काळा पडतो, त्याचा चिखल होतो, आणि जावयाला फावड्यानं तो उपसावा लागतो. दोनदा उपसल्यावर जावयाची कंबर धरते. मावशीचं म्हणणं, ‘टीव्हीतला बर्फच बरा रे, उपसायला लागत नाही.’ दुसरं तिनं सांगितलेलं कारण जास्त महत्त्वाचं होतं. जावई शेजारी सोफ्यावर बसलेला असताना हे चित्रपट निर्धास्त बघता येतात. रिमोट शोधायची धावपळ नाही, एकदम पाणी प्यायला उठायचं नाही, ‘अगं, कुकर लावायचा राहिला’ म्हणत स्वयंपाकघर गाठायचं नाही. ज्या घरात तीन पिढ्या एका टीव्हीसमोर बसतात, तिथे ही सोय किती मोठी, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मावशीला प्रश्न फक्त एकच पडला होता: ‘या एवढ्या कुकीज भाजतात, मग ती भांडी कोण घासतं?’

मावशीच्या या प्रश्नाशी मी बराच काळ घुटमळलो आहे, कारण या चित्रपटांचं खरं दुखणं तिथेच आहे. त्यात कष्ट दिसत नाहीत आणि हिशेब तर मुळीच दिसत नाही. एखादं पुस्तकांचं दुकान असतं, दिवसभरात तीन गिऱ्हाइकं येतात, त्यातलं एक नायकच असतो आणि तोही विकत काही घेत नाही. तरी दुकानदारीण रोज नवा कोट घालते. बेकरी बुडायला आलेली असते, पण किती रुपयांनी, म्हणजे डॉलरांनी, ते कुणी बोलत नाही. आजोबांचं हॉटेल बँक जप्त करणार असते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव जमतं, गाणी होतात, आणि हॉटेल वाचतं. कर्ज किती होतं? व्याजाचं काय? पुढच्या जानेवारीत, पाहुणे नसताना, हप्ता कोण भरणार? मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षक हे प्रश्न विचारल्याशिवाय राहू शकत नाही. या चित्रपटांतली एक लाडकी नायिका, डॅनिका मॅकेलर, प्रत्यक्षात गणिताची पदवीधर आहे. एका प्रमेयाला तिचंही नाव जोडलेलं आहे. ‘क्राउन फॉर ख्रिसमस’मध्ये तीच हॉटेलातली मोलकरीण होते, नोकरी जाते, आणि थेट राजवाड्यात राजाच्या मुलीला सांभाळायचं काम मिळतं. पगार किती ठरला, ते एवढ्या गणिती बाईनंही विचारल्याचं मला आठवत नाही.

खोटा बर्फ हा काही यांनी काढलेला उपद्व्याप नव्हे. फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ 1946 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात चित्रित झाला. तोवर पडद्यावरचा बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत, आणि ते पायाखाली एवढे कुरकुरत की संवाद नंतर पुन्हा मुद्रित करावे लागत. काप्राच्या माणसांनी आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून आवाज न करणारा बर्फ तयार केला. त्या करामतीला अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. आपल्याकडे वसईत, गोव्यात येशूजन्माच्या गोठ्यावर कापूस पसरतात, तोही बर्फच. त्या कापसाला कुणी खोटा म्हणत नाही.

पण काप्राच्या त्या साबणाच्या बर्फात जॉर्ज बेली हा माणूस पुलावर उभा असतो तो 8,000 डॉलरसाठी. त्याच्या विसराळू काकाकडून नेमकी तेवढी रक्कम हरवलेली असते. आकडा सांगितलेला आहे, म्हणून शेवटी गावातले लोक खिशातून नोटा काढून टेबलावर टाकतात तेव्हा आपला घसा दाटून येतो. चार्ल्स डिकन्सनं 1843 साली ‘अ ख्रिसमस कॅरोल’ लिहिलं, त्यातल्या बॉब क्रॅचिटचा पगारही त्यानं लिहून ठेवलाय: आठवड्याला पंधरा शिलिंग. घरातली खाणारी तोंडंही मोजून दाखवलीत. आता या दोन्ही गोष्टी, खरं सांगायचं तर, आजच्या नाताळपटांपेक्षा कमी भाबड्या नाहीत. एकीत देवदूत येतो, दुसरीत भुतं येतात. तरी त्यांचा भाबडेपणा आपण मानतो, कारण त्यांनी आधी वही उघडून दाखवलेली असते.

हॉलमार्कला वही उघडता येत नाही, याचं कारण बहुधा त्या बुटांच्या खोक्यांत आहे. भेटकार्ड लाखो लोकांना चाललं पाहिजे. त्यावर कुणाचा पगार लिहून भागत नाही, कुणाचा पक्ष नाही, फार तर येशूचा उल्लेख ओझरता. गंमत अशी की नाताळच्या एवढ्या चित्रपटांत चर्च क्वचितच आत जाऊन पाहायला मिळतं. सगळ्यांना खूश ठेवायला निघालेल्या माणसाची जी गत होते, तीच चॅनेलची झाली. 2019 च्या डिसेंबरात एकमेकींशी लग्न करणाऱ्या दोन मुली दाखवणारी जाहिरात त्यांनी एका गटाच्या दबावाखाली काढून टाकली, आणि आरडाओरड झाल्यावर काही दिवसांतच माघार घेतली. पुढच्या वर्षी ‘द ख्रिसमस हाउस’मध्ये समलिंगी जोडपं आलं. 2022 मध्ये त्यांची मोठी नायिका कँडेस कॅमेरॉन बुरे, अधिक धार्मिक नाताळ हवा म्हणत, दुसऱ्या चॅनेलवर गेली. आणि सगळी वर्षं मिळून किती नायिकांनी शहरातली चांगली नोकरी सोडून गावात बेकरी चालवायचं ठरवलं असेल, याचा हिशेब एखाद्या मुलीच्या आईनं मांडलाच पाहिजे. हल्ली काहीजणी लॅपटॉप घेऊन गावात येतात, नोकरी शाबूत ठेवतात. तेवढी प्रगती नोंदवून ठेवतो.

मग बघावेत तरी का? एक तर, पैसा कमी असल्यामुळे स्फोट, पाठलाग, उडत्या मोटारी यांची सोय नसते, आणि दोन माणसांना नाइलाजानं एकमेकांशी बोलावं लागतं. बर्फ खोटा असला तरी एकमेकांचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारी माणसं पडद्यावर आता दुर्मीळ झाली आहेत. दुसरं म्हणजे, चाळिशीतल्या नट्यांना इथे प्रेमात पडायची परवानगी आहे. लेसी शबेर 2004 च्या ‘मीन गर्ल्स’मधली शाळकरी मुलगी होती, हॉलिवूडनं तिला त्या शाळेतच सोडून दिलं असतं. इथे ती वर्षानुवर्षं नायिका आहे, आणि 2024 च्या नेटफ्लिक्सच्या ‘हॉट फ्रॉस्टी’मध्ये तर तिचं प्रेम एका जिवंत झालेल्या बर्फाच्या माणसावर बसतं. तोंडातून वाफ न येण्याला निदान त्या एका पात्रापुरतं शास्त्रीय कारण आहे. आणि विधवा-विधुरांना दुसरा डाव मांडू देताना हे चित्रपट जरासुद्धा कुजबुजत नाहीत. मुलगी सांगते, बाबा, ही मला आवडली. गाव टाळ्या वाजवतं. आपल्या मालिकांमध्ये याच प्रसंगाला किती आत्या-काकू आडव्या येतील, आणि किती भाग!

हे चित्रपट पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांच्या एकटेपणाचं तेवढं मला नीट उलगडत नाही. 2017 मध्ये नेटफ्लिक्सचा ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ आला. आल्डोविया नावाचं काल्पनिक राज्य, राजवाडा मात्र रुमानियातला खराखुरा पेलेश. त्या डिसेंबरात कंपनीनं जाहीरपणे चेष्टा केली: सलग 18 दिवस रोज हा चित्रपट पाहणाऱ्या 53 जणांनो, तुम्हाला असं कुणी दुखावलं? लोक हसले, काही भडकले, कारण कोण काय बघतंय याची नोंद कंपनी ठेवते हे उघड झालं. मला मात्र ते त्रेपन्न जण थोर वाटतात. एखाद्याला पुरणपोळी अठरा दिवस चालली तर आपण त्याला नावं ठेवू, पण खाणाऱ्याला तेव्हा तीच हवी असते त्याला इलाज काय.

एक विनंती आहे. हे चित्रपट जरूर बघा, जेवणं झाल्यावर, जावई शेजारी असला तरी चालेल. एका वर्षी दोन पुरेत. तिसऱ्यात बेकरी पुन्हा वाचली की संशय येऊ लागतो. आणि चॅनेल काही म्हणो, ऑक्टोबरात सुरुवात करू नका. तेव्हा दिवाळी अंक वाचायचे राहिलेले असतात.