प्रेत हलवण्याची कला

श्रीराम राघवन यांचा ‘मेरी ख्रिसमस’ (2024) पाहताना बुऱ्हाणपूरकर अर्धाच घाबरतो. जुनी मुंबई, जाळीची लिफ्ट, भडक वॉलपेपर, विजय सेतुपती आणि कतरिना कैफ यांच्यातला ताण, सगळं झकास! पण थरार इतक्या निवांत मंद आचेवर ठेवलाय की मध्यंतरापर्यंत नुसतं आधणच. पुढे मृतदेह जागेवरून गायब होतो तेव्हा बाकीचे श्वास रोखतात. आम्ही जांभई देतो. मुमताज महल 1631 साली इथेच वारली, तापीपलीकडे झैनाबादला दफन झाली आणि काही महिन्यांतच तिचा देह आग्र्याला हलवला गेला. मागोमाग पर्यटकही तिकडचंच तिकीट काढू लागले. राघवनना दहापैकी सात गुण. शाहजहानला पुरते दहा.