आम्ही, एक भराव

नवऱ्याची बदली सिएटलहून सॅन फ्रान्सिस्कोला झाली. इथली घरभाडी बघून त्याने शांतपणे लॅपटॉप मिटला आणि चौतीस फुटी जुनी शिडाची बोट घेऊन टाकली. रत्नागिरीहून सासूबाईंचा फोन आला, "अगो, कोळीसुद्धा निजायला घरी येतात गो!"

बोट मिळाली. ती बांधायला जागा मिळेना.

मरिनात भाडं फुटावर. त्यात मुक्काम करायचा तर आणखी वेगळा आकार. तोही द्यायला आम्ही तयार होतो, पण 'आम्ही बोटीतच राहणार' म्हटलं की हार्बरमास्तर मायेने हसून वेटिंग लिस्टचा कागद पुढे सरकवत. बाबांनी बजाज चेतकला नंबर लावला होता, तेव्हाचा धीर आता आमच्या घराण्यात उरलेला नाही.

बर्कलीला समोर थेट गोल्डन गेट पूल. नवरा हरखला. उन्हाळ्यात दुपारचा वारा त्याच पुलाखालून सरळ आत येतो, हे माझ्या कपातला चहा शेजारच्या बोटीवर गेला तेव्हा कळलं.

सॉसालिटोला तरंगत्या घरांची टुमदार वसाहत आहे. ओटिस रेडिंगने 'डॉक ऑफ द बे' 1967 मध्ये तिथल्याच हाउसबोटीवर लिहायला घेतलं. गाण्यातला माणूस धक्क्यावर नुसता बसून राहतो. आम्ही दर विचारले आणि उठलो.

खरा हेवा वाटला तो पिअर 39 च्या सी लायन लोकांचा. 1990 च्या जानेवारीत ही मंडळी झुंडीने आली आणि के-डॉकवर आडवी झाली. ना विमा, ना डिपॉझिट, अंगाला तो वास, वर भुंकणं. बोटवाल्यांनी कुरकुर केली. शेवटी हलल्या त्या बोटी!

आमचं घोडं कुठे अडलंय, ते एका मरिनातल्या बाईंनी समजावलं. पूर्वी हा उपसागर भराव घालून बुजवत चालले होते. 1961 मध्ये बर्कलीच्या तीन बायकांनी पदर खोचला (तिकडे पदर नसतो, पण खोचला), आणि 1965 मध्ये कायदा होऊन आयोग बसला. त्या कायद्याने कायमची बांधून ठेवलेली तरंगती घरंसुद्धा भरावात धरली. म्हणून मरिनातल्या फार तर 10 टक्के जागा राहत्या बोटींना. मी नरिमन पॉइंटला नोकरी केलेली बाई. भरावावर बसून पगार घेतला, पण स्वतः भराव व्हायची ही पहिलीच वेळ.

अखेर अलमीडाला एक जागा रिकामी झाली. ओकलंड बंदराच्या अगडबंब क्रेन जवळ, वारा बेताचा. हार्बरमास्तरांनी विम्याचे कागद पाहिले, सर्व्हेचा अहवाल पाहिला, नवऱ्याच्या नोकरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांना सगळा रस आमच्या संडासाच्या टाकीत. टाकी केवढी, गळते का, झडप बंद आहे ना, वाकून स्वतः बघितलं. मग बजावलं, "टाकी वेळच्या वेळी पंपाने उपसून घ्यायची. पाण्यात एक थेंब नको. उपशाची नोंद दाखवावी लागेल."

हे ऐकून सासरे प्रथमच या प्रकरणात खूश झाले. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेत. म्हणाले, "प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती काढ. एक इकडे पाठव, फाईल करून ठेवतो."