टेकडी काठावर पास करण्याची विद्या

ब्रिटनमध्ये डोंगर चढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ यादी असते, माथ्यावर पोचलं की ते यादीत एक खूण करतात आणि खाली उतरून बिअर पितात. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी नाही. या लोकांची यादी मुळात बरोबर आहे का, हे तपासून त्यांची झोप उडवण्याची ज्यांना हौस आहे, अशा होतकरू मंडळींसाठी ते लिहिलं आहे.

आधी याद्यांची तोंडओळख. स्कॉटलंडमधले 3,000 फुटांवरचे डोंगर सर ह्यू मन्रो यांनी 1891 साली यादीत बसवले. त्यातला स्वतंत्र डोंगर कोणता आणि शेजाऱ्याच्या खांद्यावरचा नुसता उंचवटा कोणता, हे त्यांनी ठरवलं. कोणत्या मापाने ठरवलं, ते सांगितलं नाही. मोठी माणसं कारणं देत नसतात. पुढच्या पिढीला मात्र नियम हवे होते. जॉन रूक कॉर्बेट यांनी 2,500 ते 3,000 फुटांच्या डोंगरांची यादी केली, तेव्हा प्रत्येक डोंगर आजूबाजूच्या जमिनीपासून किमान 500 फूट वर उठलेला हवा, अशी अट आली. 1992 साली ॲलन डॉसन यांनी उंचीची अटच काढून टाकली. टेकडी कितीही बुटकी असो, चहूबाजूंनी 150 मीटर उठलेली असली की झालं. सर ह्यूंच्या यादीतल्या डोंगरांना आधीपासून मन्रो म्हणतच होते, म्हणून या टेकड्यांना मॅरिलिन म्हणतात. विनोद कळला नसेल तर घरातल्या ज्येष्ठांना विचारा.

आता उमेदवार निवडा. ब्रिटनमधला सर्वांत उंच बेन नेव्हिस मोजायला जाऊ नका. तो पहिल्या श्रेणीत आहे आणि राहणार, त्याच्या निकालाची कोणी वाट पाहत नाही. दहावीच्या निकालात खरी धाकधूक 34 आणि 35 गुणांच्या पोरांच्या घरी असते; तुम्हाला तसलीच टेकडी शोधायची आहे. 3,000 फूट म्हणजे 914.4 मीटर आणि 2,000 फूट म्हणजे 609.6 मीटर, हे दोन आकडे पाठ करा. मग नकाशा उघडा आणि या आकड्यांच्या आगेमागे घुटमळणारे डोंगर हेरा. नकाशावरच्या पुष्कळशा उंच्या विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून काढलेल्या असतात आणि त्यात दोन-तीन मीटर इकडेतिकडे होऊ शकतात. तुमचं सगळं भवितव्य या इकडेतिकडेवर उभं आहे.

वेल्समधला मनिद ग्राइग गोख हा डोंगर नकाशावर 609 मीटर होता. 2008 साली तिघा हौशी गिर्यारोहकांनी तो मोजला, तर 609.75 मीटर भरला. एक वीतभर उंची सापडली आणि वेल्सला 2,000 फुटांचा आणखी एक पर्वत मिळाला. यावरून कोणाला ह्यू ग्रँटचा 1995 सालचा तो सिनेमा आठवेल, ज्यात वेल्समधलं एक गाव आपल्या टेकडीवर माती वाहून नेतं आणि तिला पर्वत करून घेतं. उत्साह चांगला आहे, पण हल्लीचे मोजणीदार त्या मातीला दाद देणार नाहीत.

उपकरणांबद्दल थोडक्यात. मोबाइल खिशातच ठेवा. त्यावरची उंची शेजाऱ्यांना सांगण्यापुरती ठीक असते. लागतो तो मोजणीच्या दर्जाचा उपग्रह रिसीव्हर, तिपाईवर लावलेला, माथ्यावर निदान दोन तास हलू न देता. यंत्र स्वस्थ बसतं. आपल्याला वाऱ्यात, पावसात आणि हायलँड्सच्या उन्हाळ्यात असलो तर मिज नावाच्या चावऱ्या चिलटांच्या सहवासात बसावं लागतं. थर्मासमधला चहा पहिल्या अर्ध्या तासात संपवू नये, हा या शास्त्रातला सर्वांत उपयुक्त नियम कोणत्याही पुस्तकात नाही.

उंची समुद्रसपाटीपासून मोजतात हे आपण शाळेत शिकलो. कोणत्या समुद्राच्या, हे कोणी विचारलं नव्हतं. ब्रिटनच्या मुख्य भूमीपुरतं उत्तर असं की कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरात 1915 ते 1921 या काळात समुद्राची जी सरासरी पातळी नोंदली गेली, तिथे शून्य. उपग्रहाला हे न्यूलिन ठाऊक नसतं, म्हणून त्याची उंची एका गणिती मॉडेलमधून गाळून घ्यावी लागते. हे मॉडेलही अधूनमधून सुधारतं. कंब्रियातली काफ टॉप ही टेकडी आधीच्या हिशेबात 2,000 फुटांना जेमतेम कमी पडली होती. 2016 साली सुधारित मॉडेल आलं आणि ती 609.606 मीटर झाली. रेषेच्या वर सहा मिलिमीटर! टेकडीने काहीही केलं नव्हतं. फेरतपासणीत असे गुण वाढतात.

माथा शोधणं सोपं वाटतं. तिथे दगडांची रास असते, लोक तिच्यावर हात ठेवून फोटो काढतात. रास माणसांनी रचलेली, म्हणून ती बाद. नकाशावाल्यांचा सिमेंटचा खांबही बाद, आणि तो सर्वांत उंच जागीच असेल असंही नाही. हेदरच्या झुडपाचा शेंडा बाद. मोठा धोंडा जमिनीत रुतलेला असेल तर चालतो, हलत असेल तर नाही. हा धोंडा हलतो का, यावर दोन सुशिक्षित माणसं भर पावसात किती वेळ बोलू शकतात, ते एकदा ऐकायला हवं.

पण खरी परीक्षा माथ्यावर नाही, खिंडीत आहे. टेकडी किती उठली आहे, हे ती जिथे आपल्याहून उंच डोंगराला जोडली जाते तिथून मोजतात. समजा, समुद्र वाढत वाढत वर आला. ज्या क्षणी पाणी आरपार जाऊन तुमची टेकडी बेट होईल, त्या क्षणी ते जिथून गेलं ती खिंड. या डोंगरावरून त्या डोंगराकडे जाताना तो सर्वांत खालचा बिंदू असतो आणि या दरीतून त्या दरीत जाताना सर्वांत वरचा. वाचायला किती सुबक! प्रत्यक्षात तिथे फुटबॉलची पाच-सहा मैदानं मावतील एवढी सपाट दलदल असते, काळ्या पीटने भरलेली, आणि जमीन कुठे चढते नि कुठे उतरते ते डोळ्यांना दिसत नाही. मग झेंड्या रोवायच्या, लेव्हल लावायची आणि एकाने आकड्यांचा स्टाफ घेऊन थोड्याथोड्या अंतरावर उभं राहायचं, आधी एका दिशेने, मग आडव्या दिशेने. स्टाफ चिखलात रुततो. स्टाफ धरणाराही रुततो. खिंड लढवणं म्हणजे काय, ते इथे कळतं. त्यातून खिंडीत रस्त्यासाठी खोदकाम झालेलं असेल तर मूळ जमीन धरायची की आताची, हा वाद आयुष्यभर पुरतो.

सेंट किल्डाजवळचे स्टॅक ली आणि स्टॅक अन आर्मिन हे समुद्रातून सरळ उठलेले सुळके मॅरिलिनच्या यादीत आहेत. त्यांना खिंडीची भानगडच नाही. फक्त हिंदकळत्या होडीतून पक्ष्यांच्या विष्ठेने बुळबुळीत झालेल्या कड्यावर उडी मारायची असते.

सह्याद्रीत वाढलेल्यांना हे सगळं अजब वाटेल. आपल्याकडे यादी गडांची. पाण्याचं एखादं खोदीव टाकं, कातळातल्या चार पायऱ्या किंवा तटाचे दोन चिरे दाखवता आले की डोंगराला किल्ला म्हणायला माणसं तयार असतात. उरलेला वाद वडापाव खाताना मिटतो. मला ही पद्धत जास्त माणुसकीची वाटते, पण तिला दशांश चिन्ह नाही.

शेवटी निकाल. सगळी नोंद नकाशावाल्यांकडे, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेकडे, तपासायला द्यावी. तिथे मान्य झाली की नकाशा बदलतो, आणि मन्रोंच्या बाबतीत स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लब यादी बदलतो. बढती दिलीत तर यादी पूर्ण केलेल्या लोकांना पुन्हा बूट चढवावे लागतात. पदावनती केलीत तर ते म्हणतात, मग आम्ही त्या पावसात कशासाठी गेलो होतो? स्गूर नान क्यानिखन नकाशावर 915 मीटर होता. 2009 साली तो 913.43 भरला आणि मन्रोपदावरून गेला. बेन अ ख्लाय 2012 साली 44 सेंटिमीटरने नापास झाला. ग्रेस मार्क नाहीत.

सध्या मन्रो 282 आहेत. वहीत आकडा पेन्सिलने लिहा.